मनाच्या जोराचे मोजमाप

आळंदीला गेलेल्या बहुतेकांनी ती भिंत पाहिलेली असते. सायकोकायनेसिस हा शब्द मराठी माणसाच्या कानावरून गेला असेल-नसेल, पण मनाच्या बळावर जड वस्तू हलवता येते ही कल्पना त्याला लहानपणीच भेटते, आणि तीही किती घरगुती रूपात! वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीला येतात आणि चार भावंडे बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी जातात.

या कथेतली एक गोष्ट सहसा निसटते. कथेत सराव करणारा कोण? चांगदेव. परंपरा त्यांना चौदाशे वर्षांचे योगी म्हणते. ज्ञानदेवांनी भिंत चालवण्याचा अभ्यास केल्याचे कोणी सांगत नाही. आधी वीट, मग चौथरा, मग भिंत असा क्रम मी तरी कोणत्याही कीर्तनात ऐकलेला नाही. चौदाशे वर्षांच्या सरावाची फजिती हाच कथेचा गाभा आहे. पतंजलींनीही योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींची लांबलचक यादी दिली आणि त्याच पादात त्यांना समाधीच्या वाटेतले अडथळे ठरवले. आपल्याकडे सिद्धी मिळतात की नाही यावर वाद कमी झाला. त्यांच्या मागे लागू नये यावर एकमत अधिक झाले. त्यामुळे एक प्रश्न विचारायचाच राहिला. कोणी रोज तासभर बसून वस्तू हलवण्याचा सराव करू लागला, तर आपण पुढे जात आहोत हे त्याने कशावरून ओळखावे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो नागपुरातल्या आमच्याच वस्तीतल्या, इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलामुळे. माझे आयुष्य भौतिकशास्त्र शिकवण्यात गेले हे ठाऊक असल्याने तो वही घेऊन आला. वहीत आखणी होती : पहिल्या महिन्यात कागदाचे भिरभिरे, तिसऱ्या महिन्यात बाटलीचे झाकण, सहाव्या महिन्यात काडेपेटी, वर्षाअखेर चमचा वाकवणे. "काका, हे खरं की खोटं ते नका सांगू," तो म्हणाला, "टार्गेट बरोबर लावलंय का, तेवढं पाहा."

मला ही मागणी आवडली. खऱ्याखोट्याचा वाद चहाबरोबर संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू होतो. उद्दिष्ट नीट लावायचे म्हटले की मात्र हवा, हात आणि हिशेब असे सगळेच तपासावे लागते.

पहिले भिरभिरे. दोन-अडीच इंचांचा चौकोनी कागद घ्यायचा, दोन्ही कर्णांवर घड्या घालायच्या, की छोटी छत्री तयार होते. खोडरबरात सुई उभी रोवून तिच्या टोकावर ही छत्री तोलायची. दोन्ही हात तिच्याभोवती ओंजळीसारखे धरायचे आणि ती फिरावी असे मनात आणायचे. जगभरचे नवशिके याच उपकरणापासून सुरुवात करतात. आणि गंमत अशी, की बहुतेकांचे भिरभिरे फिरते! फसवणूक नाही, हातचलाखी नाही. फिरवणारा स्वतःच थक्क होतो आणि इथूनच त्याची श्रद्धा पक्की होते.

सुईच्या टोकावर घर्षण जवळजवळ नसते. तळहाताच्या त्वचेचे तापमान साधारण ३० ते ३४ अंश सेल्सिअस. खोली त्याहून थंड असेल तर हाताजवळची हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला बाजूची हवा आत येते. कागदाच्या घड्या कधीच अगदी सारख्या नसतात, म्हणून हा वर जाणारा झोत छत्रीला एका अंगाने ढकलतो. दिवाळीत मेणबत्तीच्या धगीवर फिरणारी कागदी खेळणी आपण पाहिली आहेत. तत्त्व तेच, मेणबत्तीच्या जागी हात. त्यात श्वासाची भर. एकाग्र झालेला माणूस नकळत पुढे झुकतो, आणि नाकातून सुटणारा हलका श्वासही या छत्रीला पुरून उरतो.

आता हे नागपूरच्या हवेत ठेवून पाहा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात जातो. दुपारी कूलर बंद केलेल्या खोलीत हवाच हाताइतकी किंवा हाताहून गरम असते. हाताभोवती वर चढणारा झोत उरतच नाही. घामाने हात गार झालेला असेल तर हवा उलट खाली उतरते. भिरभिरे रुसते. (कूलर चालू ठेवला तर ते फिरतेच, पण त्याचे श्रेय कोणी मनाला देत नाही.) पावसाळ्यात थोडी सुधारणा दिसते. डिसेंबरात रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, खोली विशीच्या आसपास येते आणि हात व हवा यांत दहा-बारा अंशांचे अंतर पडते. भिरभिरे गरगर फिरू लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सराव सुरू करून नाताळापर्यंत नेटाने चालवणाऱ्या नागपूरकराला आपली शक्ती महिन्यागणिक वाढताना दिसेल. त्याच्या वहीतला आलेख खोटा नसेल. फक्त तो आलेख तापमापकाचा असेल.

या मुलाने सराव एप्रिलअखेर सुरू केला होता. वहीत मे महिन्यापुढे 'मन लागत नाही' असे लिहिले होते आणि ऑगस्टात 'बरीच प्रगती' असे.

म्हणून पहिले उद्दिष्ट बदलायला हवे. 'भिरभिरे फिरले' हे उद्दिष्टच नव्हे. त्यावर काचेची बरणी पालथी घालावी आणि खाली फट राहू देऊ नये. बरणी काचेचीच हवी. प्लॅस्टिक कोरड्या थंडीत घासले की स्थिर विद्युत साचते आणि ती कागद ओढते, म्हणजे एक भूत काढून दुसरे घरात घेतल्यासारखे. हात बरणीपासून लांब, मांडीवर ठेवावेत, नाहीतर काच एका बाजूने तापते आणि आतल्या आत झोत सुरू होतो. इतके केल्यावर बहुतेकांचे भिरभिरे थांबते. सराव करणारे यावर म्हणतात की काचेपलीकडे शक्ती पोचवणे ही पुढची पायरी आहे. असेलही. पण जी शक्ती भिंत चालवते असे आपण ऐकत आलो, ती दोन मिलिमीटर काचेला अडते तेव्हा ती शक्ती होती की वारा होता, हे विचारायला हवे.

दुसरी गोष्ट हाताची. माझ्या पिढीच्या मराठी घरांत प्लँचेटचे प्रयोग होत. पाटावर अक्षरे मांडायची, मध्ये वाटी पालथी घालायची, तिघाचौघांनी तिच्यावर बोटे ठेवायची. वाटी सरकत असे आणि प्रत्येक जण शपथेवर सांगे की मी ढकलली नाही. तो खोटे बोलत नसे. मनात अपेक्षित असलेली हालचाल स्नायू सूक्ष्म प्रमाणात करून टाकतात आणि कर्त्याला त्याची वर्दीही लागत नाही. १८५३मध्ये इंग्लंडात टेबले फिरवण्याची साथ आली होती, तेव्हा मायकेल फॅरेडेने याचा निकाल लावला. त्याने टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर मऊ लुकणाने चिकटवले. टेबल आपोआप सरकत असेल तर खालचा थर आधी हलेल, हात ढकलत असतील तर वरचा. वरचाच हलला होता. मग त्याने हाताची सूक्ष्म ढकल दाखवणारा काटा बसवून तो बसलेल्यांना दिसेल असा ठेवला. काटा डोळ्यांसमोर येताच टेबल फिरायचे थांबले. प्रामाणिक माणसांना आपला हात दिसला, इतकेच.

विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळ्या रूपात माहीत आहे. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतो, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे बोअर मारायचे ठरते. नारळ उभा करणारी जी सूक्ष्म हालचाल आहे, ती वाटी सरकवणाऱ्या बोटांचीच बहीण. प्लँचेट फसले तर एक संध्याकाळ वाया जाते. बोअर कोरडे गेले तर कर्ज अंगावर राहते. आणि पाणाड्याची प्रगती मोजतो कोण? लागलेली बोअर गावभर सांगितली जातात, कोरडी गेलेली शेतमालक गिळून टाकतो. नोंद दोन्हींची ठेवली आणि शेजारी नारळाशिवाय मारलेल्या बोअरचीही ठेवली, तरच नारळाची किंमत कळेल.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. वस्तू डोळ्यांदेखत हलवणे सोडून फाशांचा किंवा नाण्यांचा कौल मनाने फिरवता येतो का, हे पाहण्याकडे विसाव्या शतकातले संशोधक वळले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३४मध्ये फाशांचे प्रयोग सुरू केले. एक जुगारी तरुण, फासे आपले ऐकतात, असे सांगत त्यांच्याकडे आला होता. फाशावर ठिपके कोरलेले असतील तर सहाच्या बाजूचे लाकूड जास्त कोरले जाते, ती बाजू हलकी होते आणि थोडी अधिक वेळा वर येते. सहाच पडो अशी इच्छा करणारा त्यामुळे आयताच जिंकतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक अंकाची इच्छा सारख्याच वेळा करणे. पुढे १९७९मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट जॅन या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी यंत्रातून निघणाऱ्या यादृच्छिक अंकांवर मनाचा प्रभाव शोधणारी प्रयोगशाळा काढली. ती २००७पर्यंत चालली. तिचा दावा किती मोठा होता? दहा हजार कौलांमागे जेमतेम दोन-चारांचा फरक. इतका बारीक फरक खरा असला तरी भिंत सोडा, काडेपेटीही हलणार नाही. आणि तोही, प्रिन्स्टनसकट तीन प्रयोगशाळांनी मिळून नव्याने प्रयोग केला तेव्हा, ठरवल्याप्रमाणे दिसला नाही. तो निष्कर्ष २०००मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रिन्स्टनच्या मंडळींचाही सहभाग होता, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे.

आमच्या वहीला याचा उपयोग असा. समजा, रोज शंभर वेळा नाणे उडवून छाप पडावा अशी इच्छा करायची. योगायोगाने सरासरी ५० छाप पडतील, पण रोज बरोबर ५० नाही. चार-पाचांचा फरक नेहमीचाच. ६० किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता एका दिवशी तीन टक्क्यांहूनही कमी. असा दिवस उजाडला की माणूस तारखेभोवती लाल वर्तुळ काढतो. पण महिनाभर रोज शंभर नाणी उडवली, तर निदान एक लाल दिवस येण्याची शक्यता ५८ टक्के होते. म्हणजे ज्याच्याकडे काहीच शक्ती नाही असा माणूसही सहा महिने बसला, तर त्याच्या वहीत चार-पाच लाल वर्तुळे सहज जमतील. त्या दिवशी त्याने काय खाल्ले, कोणत्या दिशेला तोंड करून बसला, हे तो आठवू लागेल आणि त्यातून साधनेचे नियम जन्माला येतील.

याहून लबाड शत्रू म्हणजे थांबण्याची वेळ. आकडे चांगले असताना 'आज पुरे' आणि वाईट असताना 'अजून थोडे' असे केले, की प्रत्येक दिवस बरा दिसतो. यात खोटी नोंद एकही नसते.

मी त्याला गणित घालून दिले. तुझ्या मनाने शंभरात ५०ऐवजी ५२ छाप पडतात असे तुला दाखवायचे असेल, तर निदान ५,६२५ वेळा नाणे उडवावे लागेल. तेव्हा कुठे तो फरक नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट होईल. दैव आडवे येऊ नये म्हणून त्याच्या दुप्पट धर. रोज शंभर म्हणजे जवळपास चार महिने. शंभरात ५१च पडतात असा दावा असेल तर काम चौपट. 'म्हणजे लहान टार्गेट जास्त अवघड?' असे त्याने विचारले. या क्षेत्रात हो. चमचा वाकवण्याचा दावा एका दुपारी तपासता येतो, शंभरात एकाचा दावा तपासायला वर्ष जाते. म्हणूनच दावे बारीक बारीक होत जातात.

आणि नुसती इच्छा करून चालणार नाही. इच्छा कोणती करायची, छाप की काटा, हे दुसऱ्याने पाकिटात घालून द्यावे. मोजणाऱ्याला ते ठाऊक नसावे. काही दिवस कसलीच इच्छा न करण्याचे असावेत, म्हणजे नाण्याचा स्वतःचा कल कळेल. किती दिवस, किती फेकी, कोणता आकडा आला तर 'हो' आणि कोणता आला तर 'नाही', हे पहिल्या दिवसाआधी लिहून, तारीख घालून, शेजारच्या माणसाची सही घ्यावी. उद्दिष्टाच्या खाली हरण्याचा आकडाही हवा. त्याच्या मूळ आखणीत तो कुठेच नव्हता. काडेपेटी सहाव्या महिन्यात हलली नाही तर ती नवव्यात हलेल, एवढीच तरतूद होती.

अटी आधी आणि प्रयोग नंतर, हा शिरस्ता नागपूरला नवा नाही. १९८२ साली श्याम मानव यांनी इथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि चमत्कार सिद्ध करणाऱ्याला बक्षिसाचे आव्हान देण्याची रीत महाराष्ट्रात रुजली. तिचे पूर्वज श्रीलंकेतले अब्राहम कोवूर. त्यांच्या आव्हानातल्या चमत्कारांच्या यादीत मनःशक्तीने घन वस्तू हलवणे किंवा वाकवणे हेही एक कलम होते. जानेवारी २०२३मध्ये बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींच्या नागपुरातल्या दरबारानंतर समितीने ३० लाखांचे आव्हान दिले. तो दावा वस्तू हलवण्याचा नव्हता, मनातले ओळखण्याचा होता. ठरलेल्या अटींवर नागपुरात चाचणी काही झाली नाही, आणि पोलिसांनी चौकशीअंती गुन्हा होत नसल्याचे सांगितले. अशा आव्हानांत लोकांचे लक्ष रकमेकडे जाते. मला मोल वाटते ते अटींच्या कागदाचे. निकाल काय लागला तर काय मान्य करायचे, हे दोन्ही पक्षांनी आधी लिहून द्यावे, ही मागणी मुलाच्या वहीतल्या शेजाऱ्याच्या सहीपेक्षा वेगळी नाही.

पण समितीचे मोठे काम या आव्हानांत नाही, ते भानामतीत आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, भांडी आपोआप पडतात, अंगावर फुल्या उमटतात. विदर्भ-मराठवाड्यात याला भानामती म्हणतात. पाश्चात्त्य परामानसशास्त्रज्ञ विल्यम रोल यांनी अशाच प्रकारांना 'वारंवार घडणारे उत्स्फूर्त सायकोकायनेसिस' असे भारदस्त नाव दिले आणि घरातल्या एखाद्या तणावग्रस्त व्यक्तीकडून ही ऊर्जा सुटते असे मांडले. समितीच्या कार्यकर्त्यांचा अनुभवही घरातल्या तणावग्रस्त व्यक्तीपाशीच येऊन थांबतो. फरक इतकाच, की ती व्यक्ती हे हाताने करत असते. कधी जाणूनबुजून, कधी भान हरपलेल्या अवस्थेत. सासरी घुसमटलेली सून असते, शाळा नकोशी झालेला मुलगा असतो, जिच्याकडे कोणी बघत नाही अशी मुलगी असते. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने, निवांत बोलतात. कोणी केले ते कळले तरी गावासमोर नाव घेत नाहीत. त्या माणसाचे दुखणे हलके झाले की दगड थांबतात.

इथे मोजमाप चुकण्याची किंमत काय, ते वहीतल्या लाल वर्तुळांवरून कळणार नाही. दगड मनाने फेकता येतात हे एकदा मान्य केले, की कोणाच्या मनाने, हा पुढचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर गाव शोधते तेव्हा बहुधा एखादी एकटी राहणारी बाई सापडते. तिला चेटकीण ठरवून मारहाण होते. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झालेला होता. त्या कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे, लोकांना फसवणे आणि धाक घालणे याला गुन्हा ठरवले आहे. घरात बसून भिरभिऱ्याकडे टक लावणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही, आणि लावूही नये.

मनाने वस्तू हलवण्याचा एक सराव मात्र असा आहे, की त्यात प्रगती निर्विवाद दिसते. २००४मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत ९६ सूक्ष्म विद्युतअग्रांची चकती बसवली. हात हलवण्याचा विचार करून तो संगणकाचा बाण हलवू लागला, ईमेल उघडू लागला, कृत्रिम हाताची मूठ मिटू-उघडू लागला. मधे तार होती, हे खरे. पण विचार आणि वस्तू यांच्यात काय चालले आहे ते त्या तारेतून वाचता येत होते, किती प्रयत्नांत किती वेळा लक्ष्य गाठले ते मोजता येत होते, आणि जे फसले तेही २००६च्या शोधनिबंधात छापले गेले. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण त्यात माझी शक्ती कुठे?" मला वाटते, शक्ती होती ती त्या तरुणाचीच. सिद्धी मात्र नव्हती.

आता त्याच्या वहीत नवी पाने आहेत. काडेपेटी आणि चमचा खोडले आहेत. ११,२५० फेकी, पाकिटे घरातले दुसरे कोणी भरणार, ५१ टक्क्यांच्या खाली आले तर 'नाही', आणि खाली माझी सही. भिरभिरेही आहे, बरणीखाली, शेजारी भिंतीवर तापमापक. रोज अर्धा तास न हलता बसता येते का, याचाही एक रकाना त्याने स्वतःहून घातला आहे, आणि त्या रकान्यातली वाढ कोणाच्या सहीवाचूनही मान्य करायला माझी हरकत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नागपुरात पहाटेचा गारठा सुरू झालेला असेल. उघड्या हवेत भिरभिरे फिरवून पाहायचे असेल, तर हंगाम उत्तम आहे. बरणी मात्र जवळ असू द्यावी.